अठरा गरम खुर्च्या

स्वीडनच्या लोकांनी आमची कंपनी विकत घेतली आणि सगळ्यात आधी आमच्या खुर्च्या मुक्त केल्या. म्हणजे ज्याची त्याची खुर्ची राहिली नाही. येईल त्यानं मिळेल तिथं बसायचं. यामागचा विचार आम्हाला एका चित्रातून समजावला होता. चित्रात एक पक्षी होता.

आम्ही ऑर्हूसमध्ये दंतवैद्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. कुणाची दाढ कधी, कोण वेळ घेऊन आलाच नाही, आणि न आलेल्याला किती गोड शब्दांत झापायचं, हे सगळं ते बघतं. अख्ख्या डेन्मार्कचं तोंड आपल्या हातात आहे, असं एब्बे म्हणायचा. एब्बे माझ्यासमोर बसायचा. मी शाळेत होतो तेव्हापासून तो त्याच खुर्चीत होता आणि खुर्च्या मुक्त झाल्यावरही तिथंच बसला. रिक्के, म्हणजे आमची बॉस, त्याला एकदा हळूच सुचवायला आली.

"लेकी, मी मुक्तपणेच बसलोय इथं," एब्बे म्हणाला. रिक्केकडे यावर चित्र नव्हतं.

मग कंपनीचं नाव बदललं. ते नाव नॉर्वेतल्या एका मासळीच्या कारखान्याचं निघालं, म्हणून परत बदललं. रिक्केचं पद गेलं आणि ती आमची ‘प्रवासातली सोबती’ झाली. पगारवाढ मात्र पूर्वीसारखीच तिच्याकडेच मागायची आणि पूर्वीसारखीच मिळायची नाही. मग घरून काम करायची मुभा आली. ती इतक्या मायेनं दिली होती की न घेणं उद्धटपणाचं वाटावं. माणसं एकेक करून घरी गेली. एब्बे उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर गेला तो कायमचाच, कारण त्याचं काम आता एक प्रोग्रॅम करणार होता. निरोपाचा केक त्याचा त्यालाच आणावा लागला. आमच्याकडे पद्धतच तशी आहे.

सप्टेंबरात प्रत्येक टेबलाखाली एक काळी डबी चिकटवली गेली. खुर्चीत ऊब आली की डबीला कळायचं आणि दाराजवळच्या पडद्यावर ती खुर्ची हिरवी व्हायची. फोनवरच्या ॲपमध्येही तेच दिसायचं, म्हणजे घरून निघण्याआधी जागा आहे का ते बघता येईल. मी एकटाच जात होतो, त्यामुळे जागा होती.

रिक्केनं मला कॉल केला. "हे बघ एस्किल, ऑक्टोबरच्या सुट्टीपर्यंत आठवड्यातून एक दिवस तरी निम्म्या खुर्च्या भरलेल्या दिसायला हव्यात. नाहीतर मजला सोडणार आहेत. मग सगळ्यांनी घरूनच."

"मग मी कुठं यायचं?"

"तू कुठंच यायचं नाहीस. तीच तर गंमत आहे."

माझं घर म्हणजे एक खोली. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते आणि भिंतीलाही खिडकी नाही. शनिवार-रविवार कुणाशी बोलणं होत नाही, त्यामुळे सोमवारी सकाळी आवाज चालतोय का ते बघायला मी लिफ्टमध्ये "चौथा" असं मोठ्यानं म्हणायचो. लिफ्टला बटण आहे. पण निदान चौथ्या मजल्यावर उतरायला तरी मिळायचं. तो मजला गेला तर बोलून बघायला लिफ्टही राहणार नव्हती.

आता पावांबद्दल. दर शुक्रवारी सकाळी कुणीतरी सगळ्यांसाठी बेकरीतून गरम गोल पाव आणायचे, सोबत लोणी, चीज, रासबेरीचा मुरंबा, ही या देशातल्या ऑफिसांची रीत आहे. राजा बदलेल, ती बदलणार नाही. आमच्याकडे पाळी कुणाची ते ठरवायला एब्बेनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. जो त्या आठवड्यात ऑफिसला आला, त्याची पाळी. एब्बे गेला, पण प्रोग्रॅम कसा बंद करायचा हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. दर गुरुवारी दुपारी मला निरोप यायचा: ‘अभिनंदन, एस्किल! उद्या तुझी पाळी! माणसं अठरा!’

पाळी चुकवणं मला जमलं नाही. इथं माणूस बायको सोडतो, पण पाळी सोडत नाही.

"अठरा?" बेकरीवाली म्हणाली. "बरं आहे बाबा तुझं, एवढी माणसं. खसखशीचे देऊ?"

"खसखशीचे द्या."

त्या शुक्रवारी मी सगळं मांडलं आणि वाट बघितली. कुणी येणार नव्हतं हे मला ठाऊक होतं. पण वाट बघणं हा त्या रीतीचाच भाग आहे. टेबलावर खायचे पदार्थ ठेवायला नव्या मालकांची मनाई होती, म्हणून पावांची पिशवी मी एब्बेच्या खुर्चीत ठेवली आणि कॉफी आणायला गेलो. परत येताना पडद्यावर एब्बेची खुर्ची हिरवी होती.

मी पिशवी उचलली. जरा वेळानं खुर्ची पांढरी. ठेवली. हिरवी. मग मी एक पाव काढून शेजारच्या खुर्चीत ठेवला. एका पावाची ऊब डबीला पुरत होती. स्वीडिश इंजिनिअरांनी माणसाबद्दल फार अपेक्षा ठेवलेल्या नव्हत्या.

दहा वाजता आमचा मजला गच्च भरला होता.

त्यानंतर माझे शुक्रवार फार धावपळीचे झाले. पाव निवतात. ते खुर्च्यांवरून गोळा करायचे, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये गरम करायचे, परत वाटायचे. माझ्या स्वतःच्या खुर्चीतही पाव ठेवावा लागायचा, कारण मला बसायला फुरसत नव्हती. दुपारपर्यंत मी उभाच असायचो, आणि सगळं ऑफिस आरामात बसलेलं असायचं. काही जणांशी माझी ओळख झाली. खिडकीजवळचा जरा करपलेला होता; त्याच्याकडून कामाची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नव्हता. एब्बेच्या खुर्चीतल्याला मी जाता-येता म्हणायचो, "काय लेका, कसं काय?" तो एब्बेपेक्षा कमी बोलायचा, पण ऐकून घ्यायचा.

मग स्टॉकहोमहून इल्वाचा कॉल आला. इल्वा म्हणजे नव्या मालकांची ‘माणसांची प्रमुख’. रिक्केही कॉलवर होती, एका चौकोनात, ताठ.

"एस्किल, शुक्रवारी तुमच्याकडे शंभर टक्के! आमच्या कुठल्याच शाखेत असं नाही. काय करता काय तुम्ही?"

खोटं बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. "पाव," मी म्हणालो.

"पावांसाठी माणसं येतात?"

"माणसं नाही येत. पावच येतात. मी एकेका खुर्चीत एकेक ठेवतो."

इल्वा इतकी हसली की तिचा कॅमेरा हलला. "तुम्ही डेनिश लोक म्हणजे ना! रिक्के, हा नेहमी असाच का?"

"नेहमी," रिक्के म्हणाली. तीही हसली, पण मग तिनं माझ्याकडे जरा टक लावून बघितलं आणि तिचा कॅमेरा बंद झाला.

मजला वाचला. निदान वसंतापर्यंत तरी. सोमवारच्या सगळ्यांच्या कॉलवर रिक्केनं ते जाहीर केलं आणि शुक्रवारच्या उपस्थितीबद्दल सगळ्यांचे आभार मानले. एका चौकोनात एकजण मान डोलावून खाली बघायला लागला. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल की मी तर गेलोच नाही. पण ज्याला त्याला वाटत होतं की आपण एकटेच जात नाही, आणि हे चारचौघांत कोण बोलेल?

कॉल संपला, चौकोन विझले. एक राहिला. मारेन. ती रेल्वेनं अर्ध्या तासावरच्या होर्सेन्सला राहते, आमच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे तिचं काम.

"मजा आहे तुमची," ती म्हणाली.

"कसली?"

"शुक्रवारची रे. मी तीन-चारदा निघाले होते. कोट घालून दारात उभी राहते, ॲप बघते, तर सगळं हिरवंगार. आता सोडलं मी बघणं." ती कपातल्या चमच्याशी खेळत होती. "मागच्या आठवड्यात तर मी मुद्दाम ॲप न बघता स्टेशनपर्यंत गेले. मग म्हटलं, जाऊन उभं कुठं राहायचं? परत आले."

"अगं, पण..."

"तुला नाही कळायचं. तू त्या गर्दीत असतोस. इथं मी आठवडाभर फक्त कुत्र्याशी बोलते. आणि कुत्रा शेजाऱ्यांचा आहे."

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "खसखशीचे असतात." ती "हं" म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी मी लिफ्टमध्ये "तळमजला" म्हणालो तेव्हा आवाज चांगला निघाला नाही.

गुरुवारी मी मारेनला लिहिलं: ‘उद्या एक खुर्ची रिकामी आहे. तुझ्यासाठी.’ तिनं अंगठा पाठवला. आमच्याकडे अंगठ्याचा अर्थ हो, नाही, बघू, आणि मला त्रास देऊ नकोस, असा कुठलाही होतो.

शुक्रवारी मी पाव वाटले. एब्बेच्या खुर्चीपाशी आलो आणि पाव हातातच ठेवला. पडद्यावर सतरा हिरव्या आणि मध्येच एक पांढरी, पडलेल्या दातासारखी. नऊ वाजले, मारेन आली नाही. मी पाव गोळा केले, गरम केले, परत वाटले. पुढच्या गाडीचीही वेळ होऊन गेली. ती पांढरी खुर्ची बघवेना म्हणून हातातला पाव तिथं ठेवायला वाकलो, तेवढ्यात मागं लिफ्टचं दार उघडलं.

मारेननं कोटाची बटणं सोडवली नव्हती. केस नुकतेच विंचरलेले होते, हातात घरी केलेल्या मुरंब्याची बरणी होती. इतक्या माणसांत रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून आणली असणार. तिनं पहिली रांग बघितली. मग दुसरी. खिडकीजवळच्या करपलेल्यावर तिची नजर जरा थांबली. चुका शोधणं हे तिचं काम आहे. तिला फार वेळ लागला नाही.

माझ्याकडे स्पष्टीकरण होतं, पण ते तिच्यासमोर खुर्च्यांवर मांडलेलंच होतं.

"हेच का ते सगळे?" ती शेवटी म्हणाली.

"हो."

"यांच्यामुळे मी घरी बसले होते?"

"...हो."

ती कोट काढेल की लिफ्टकडे वळेल, हे मला कळेना. तिलाही कळत नसावं.

"माझी खुर्ची कुठली?"

"थंड असलेली."

ती एब्बेच्या खुर्चीत बसली, कोट घालूनच. बरणी टेबलावर ठेवली, जिथं ठेवायची मनाई होती. "आणि तुझी?"

मी दाखवली. तीत पाव होता. मारेननं हात लांबवून तो उचलला, मधून कापला आणि लोणी लावायला लागली.

"जाड लाव," मी म्हणालो. "एब्बे म्हणायचा, चावल्यावर लोण्यात दात उमटले पाहिजेत."

"मला शिकवू नकोस. बस खाली."

शुक्रवारी सकाळी त्या मजल्यावर मी पहिल्यांदाच बसलो. पाय दुखत होते. तिनं अर्धा पाव मला दिला, अर्ध्यावर मुरंबा घातला. आम्ही खाल्लं. बोलण्यासारखं खूप होतं, पण दोघांनाही सवय राहिली नव्हती.

"करपलेल्याचं नाव काय?" तिनं जरा वेळानं विचारलं.

"ठेवलं नाही अजून."

"हं."

मी वळून दाराकडे बघितलं. पडद्यावर माझी खुर्ची हिरवी होती, पाव होता तेव्हा होती तितकीच.