नळीतली माती

टप्.

माझ्या लेकीचा, विलाचा ताप उतरला होता, ती नुकती कुठे झोपली होती, आणि शेगडीपाशी उभ्या ठेवलेल्या माझ्या नळीतून ओल्या मातीचा गोळा फरशीवर पडला.

ही पोकळ नळी बर्फात जमिनीला टेकेपर्यंत घुसवायची, आतल्या बर्फासकट काट्याला लावायची. त्या वजनावरून कळतं, उन्हाळ्यात डोंगरातून नदीला किती पाणी उतरेल. फक्त तळाची माती आधी खरवडायची, नाहीतर तीही पाणी म्हणून मोजली जाते. काल दहातल्या शेवटच्या चार भोकांना मी खरवडलीच नव्हती. शेजारणीकडे पोर तापानं फणफणत होती, मला घरी पळायचं होतं.

सोळा इंच पाणी, असं घरी आणि पाटाचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या सभेला कळवूनही टाकलं होतं. त्या सोळावर माझे सासरे ऑल्डन यंदा खालच्या शेतात जवाऐवजी बटाटा लावणार होते. जवाला जुलैपर्यंतचं पाणी पुरतं, बटाट्याला ऑगस्ट सरेस्तोवर हवं. बियाणेवाल्याला बियाणं आज सांगायचं होतं.

मी फोन लावला.

"बाबा, बियाणं सांगू नका. माझं माप चुकलंय. नळीत माती राहिली."



"म्हणजे तू माझ्या बटाट्यांना चिखल पाजणार होतीस तर!"

"परत मोजते ना."

"आणि पाटाच्या सभेत? तिथे कोण सांगणार?"

"मीच."

"सभेतला तो बर्टन दात काढेल हं. वीस वर्षं खिडकीत बसून बर्फ मोजतोय."

"काढू दे."

"बरं. बियाणेवाल्याला शुक्रवारपर्यंत थोपवतो."

शुक्रवारी विला खडखडीत बरी होती. तिला घसरगाडीवर बसवून बाबांनीच ओढत वर आणलं. दर भोकाला खिशातला चाकू काढून माती त्यांनीच खरवडली, मला हात लावू दिला नाही. दहा भोकं झाली. मी दोनदा सरासरी काढली.

"चौदा."

त्यांनी चाकू विजारीला पुसला, मिटला. "मग जवच. माझ्या बापाच्या वेळी इथे वीसच्या खाली कधी ऐकलं नव्हतं."

विलानं रिकामी नळी डोळ्याला लावली होती. तिच्यातून ती आधी आभाळ बघत होती, मग आजोबांना, मग मला.

"आई, मी आजोबांएवढी म्हातारी होईन ना, तेव्हा ही कुठपर्यंत भरेल?"