दुपट्यातलं मेंडोलिन

मेंडोलिन घ्यायला गेली तेव्हाच दुकानदारानं संजनाला बजावलं होतं, "ताई, सपाट पाठीचं घ्या. मांडीवर बसतं. गोल पाठीचं निसटतं." पण तिची नजर त्या गोल पाठीवर गेली ती गेलीच. पट्ट्यापट्ट्यांची, तुकतुकीत, भोपळ्यासारखी पाठ. स्थळ बघायला जावं आणि नुसता रंग बघून होकार देऊन यावं, तशातली गत. "शिकणार कोण, मुलगा का?" असं त्यानं विचारलं, तर ती "हो" म्हणाली. शाळेत क्लार्क असलेल्या, केसांना मेंदी लावायला लागलेल्या बाईला स्वतःसाठी वाद्य हवंय, हे दुकानात मोठ्यानं बोलायची तिला लाज वाटली.

घरी मात्र तिनं त्याचं सगळं निगुतीनं केलं. वाजवून झालं की तारांवरचा घाम मऊ फडक्यानं टिपायचा, उन्हात ठेवायचं नाही, तारा जोडीजोडीनं सुरात आणायच्या. मोबाइलवर बघून बघून चार भीमगीतं बसलीसुद्धा. मग चांदवडच्या मैत्रिणीचा, लताबाईचा फोन आला. "विहारात कार्यक्रम आहे. पेटी आहे, ढोलकी आहे. तू तुझं ते घेऊन ये."

आता न्यायचं कसं? पिशवीची चेन तुटलेली. एसटीच्या डिकीत टाकावं तर धक्क्यानं तारांखालची लाकडी घोडी सरकणार. आणि उघडं न्यावं तर अख्खी कॉलनी विचारणार, "काय हो, ऑर्केस्ट्रात निघालात?" शेवटी तिनं कपाटातून लेकाचं लहानपणचं दुपटं काढलं. लेक आता इंजिनिअरिंगला; दुपटं अजून मऊ. त्यात तिनं मेंडोलिन गुंडाळलं, दांड्यावरून पदर घेतला आणि छातीशी धरून निघाली. तेव्हा तरी तिच्या मनात काही नव्हतं.

द्वारका चौकात मालेगावची गाडी आली ती भरूनच. संजना चढली तसं मागून कोणीतरी ओरडलं, "सरका, सरका! बाईजवळ तान्हं लेकरू आहे!"

गर्दी बाजूला झाली. एक म्हातारी, डोक्यावर ओढणी, हातात कापडी पिशवी, दांडा धरून सीटवरून उठली. "बैठो बेटी. बसा. पोराला घेऊन उभं नाय राहायचं."

"नाही, मावशी, हे..." संजना म्हणाली. गाडीनं गचका दिला. ती बसली. गोल पाठ बरोब्बर तिच्या कुशीत बसली.

कंडक्टर आला. "तुमचं अर्धं तिकीट. बाळाचं काही नाही."

इथं बोलता आलं असतं. तिनं तिकीट घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं.

"नातू का नात?" म्हातारीनं विचारलं.

"नात," संजना म्हणाली. कुठून आली ही नात, तिचं तिलाच कळलं नाही.

"गुणाची हाय. रडणं नाय, काय नाय."

रडू नये म्हणून संजनानं दुपट्यावरून तारांवर पंजा दाबून धरला होता. ओझर आलं. म्हातारी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेई, पुन्हा पहिल्यावर. शेजारचा बाप्या म्हणाला, "जैतुनखाला, गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय ना? बसायचं होतं तुम्ही."

"अब्रार, तू गप. लेकरू मोठं का गुडघा मोठा?"

संजनाच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. आता उठावं, आत्ता उठावं असं म्हणता म्हणता पूल मागं गेले, ढाबे मागं गेले. जितका उशीर होत होता तितकं तोंड उघडणं जड होत होतं.

जैतुनबी खाली वाकली. आवाज हळू झाला. "आमची लेक, आफिया, मालेगावला असते. दिवस भरलेत तिचे. आधीचं लेकरू राहिलं नाय." मग तिनं ओढणी नीट केली, डोळे मिटले. ओठ हलत राहिले. दुआ पढून झाल्यावर तिनं दुपट्यावर अलगद फुंकर घातली, एकदा, दोनदा. लवंगेचा वास असलेला तो श्वास संजनाच्या बोटांवर आला.

ती ताडकन उठली.

"मावशी, बसा. हे बाळ नाही. मी खोटं बोलले."

दुपटं सरकलं, खुंट्या दिसल्या, आणि इतका वेळ दाबलेल्या तारा झण्णकन वाजल्या. आधी एक जण हसला, मग सगळी गाडी. "अरे, मेंडोलिन जन्माला आलं की!" कंडक्टर म्हणाला, "ताई, आता लगेजचं तिकीट काढायला लागेल बरं का!"

जैतुनबी हसली नाही. ती हळूहळू बसली, पाय लांब केला.

"मी त्याच्यावर दुआ पढली," ती म्हणाली.

"चुकलं माझं."

"लेकराचं नाव घेऊन कोणी खोटं बोलतं का, बाई?"

संजना उभीच राहिली. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात मेंडोलिन. गोल पाठ दर वळणाला घसरत होती आणि ती गुडघ्यानं सावरत होती. कोणी घेऊ का म्हणालं नाही, तिनंही मागितलं नाही. पिंपळगावला दोन जागा झाल्या. ती बसली नाही.

चांदवड आलं. उतरताना ती जैतुनबीपाशी थांबली. "मावशी, ती दुआ... तुमच्या आफियाला लागो."

"तिची वेगळी हाय," जैतुनबी म्हणाली. "ही पढून झाली. परत घेता येत नाय. ऱ्हाऊ द्या तुमच्या लाकडाला."

संजना उतरली. खिडकीखाली उभं राहून तिनं वर पाहिलं, हात जोडावेत म्हणून. पण हातात मेंडोलिन होतं, ते कुठं ठेवणार? आत जैतुनबी वाकून दोन्ही हातांनी गुडघा चोळत होती. गाडी हलली तरी तिनं मान वर केली नाही.