अश्रुमातेची बारा मिनिटं

"जरा सरका हो! तुमची बाटली माझ्या बरगडीत घुसतेय. माता रडतेय ते पुरे नाही का, आता मीही रडू?"

कुसुमच्या कानाशी एवढं पुटपुटून मागच्या बाईंनी लगेच हात जोडले. हडपसरच्या त्या गोडाऊनमध्ये मांडलेल्या संगमरवरी अश्रुमातेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. दोनशे माणसं हुंदके देत होती आणि श्यामसुंदर महाराज ते पाणी वाटीत धरत होते.

"जिथे डॉक्टर हात टेकतात, तिथे माता डोळे भरते!" महाराज माइकवर गरजले. "गोळी म्हणजे अविश्वास! गोळी घेणाऱ्यासाठी माता रडत नाही!"

ज्या टॉवेलला नाक पुसलं त्यालाच त्यांनी बोटं पुसली आणि तीच बोटं वाटीत बुडवून अकरा वर्षांच्या अस्मिताच्या ओठांना लावली. अस्मिता तिच्या भाचीची, राजनंदिनीची मुलगी. पोरीला फिट यायच्या. गोळ्यांनी दोन वर्षं थांबल्या होत्या. महिन्यापूर्वी महाराजांच्या शब्दावर आईने गोळ्याच बंद केल्या.

"कशी आहे गं पोर?"

"गुण येतोय, मावशी," राजनंदिनी भिंतीकडे बघत म्हणाली. पोरीच्या कपाळावर ताजी खोक होती. त्या खोकेबद्दल चकार शब्द नाही.

कुसुम जवळच्याच कारखान्यात कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करायची. शिक्षण दहावी नापास. पण मशीन किती वेळ चालायचं नि किती वेळ थांबायचं हे ठरवणारे टायमर तिने शेकड्यांनी बसवले होते, आणि एकही मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवला नव्हता. त्यामुळे टाळांच्या गजरातही मूर्तीच्या आसनामागचा बारीकसा 'टक्' तिने पकडला. तिने वेळ पाहिली. चार दहा. पुढचा पाझर चार बावीसला. त्यापुढचा चार चौतीसला. मातेचं दुःख मोठं शिस्तीचं होतं.

चार चाळीसला ती चपला काढतात तिथे गेली, मेन स्विच खाली ओढला आणि लगेच वर केला. पंखे अडखळले, एवढंच.

चार शेहेचाळीसला बरोबर आरती संपवून महाराजांनी हात उंचावले. "आता पाझर फुटेल!"

फुटेना. वाटी कोरडी. महाराजांची नजर गर्दीवरून फिरली. "इथे कोणीतरी अपवित्र आहे! कोणाच्या तरी घरात अजून गोळी चालू आहे!"

माणसं एकमेकांकडे संशयाने बघू लागली. अस्मिता आईला बिलगली. "आई, मी नाही गं घेतली. खरंच नाही घेतली."

कुसुमच्या अंगाची लाही झाली. ती सरळ पुढे गेली.

"अपवित्र मीच, महाराज. पण आपण काळजी करू नका. मातोश्री चार बावन्नला रडणार आहेत."

"कोण ही बाई? बाहेर काढा हिला!"

"काढा की. फक्त बावन्न होऊ द्या. सगळ्यांनी आपापलं घड्याळ बघा."

तिला धरायला आलेला दशरथ सेवेकरीही मोबाइलकडे बघत राहिला. बावन्न झाले. टक्. डोळे वाहू लागले.

कुसुमने आसनामागचं भगवं कापड ओढलं. शेवाळलेली बादली, तिच्यात मेलेलं झुरळ, एक छोटी मोटर, मूर्तीत शिरलेली नळी, आणि पेटीवर चौकोनी टायमर. हिरवे आकडे पळत होते.

"आमच्याकडे हे मशीनला तेल सोडायला लावतात," ती म्हणाली. "ठरवलेला वेळ मोजायचा, मोटर चालू करायची, बंद करायची. वीज गेली की याची मोजणी पहिल्यापासून. मी स्विच पाडला, म्हणून मातेला उशीर झाला."

"टायमर असेलही," एक पेन्शनर आजोबा म्हणाले, "पण श्रद्धेनं फरक पडतोच ना?"

माना डोलल्या. महाराज पुन्हा माइककडे सरकले.

"मग तो फरक मोजा की, आजोबा! साधं यंत्र मी तपासल्याशिवाय पाठवत नाही, आणि तुम्ही पोटची पोरं या बोटांच्या हवाली करताय? देवाला खुशाल हात जोडा. पण डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि एकदा खरं सांगा, इथे बरं कोण झालंय?"

दोघे-चौघे चपला शोधायला लागले.

"माझी पोरगी नाही झाली," राजनंदिनी म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "गोळ्या मी बंद केल्या, आणि चार वेळा फिट आली तिला. मी सगळ्यांना खोटं सांगत होते."