सोमवारच्या रेघा

उबवणीच्या खोलीत दोन हजार अंडी होती आणि दुसऱ्या दिवशी त्यांतून पिल्लं बाहेर पडायची होती. वीज गेलीच तर खोलीची ऊब टिकावी म्हणून मागच्या पडवीत डिझेलचा जनरेटर होता. वहिनी दर सोमवारी तो दहा मिनिटं चालवून बघायची आणि भिंतीवर खडूने एक रेघ ओढायची. चाळीस रेघा झाल्या होत्या.

तिची नणंद जनरेटर दुरुस्त करायची. त्या सकाळी ती भावाकडे आली, तेव्हा तो बाजारात गेला होता. चहा होईपर्यंत ती पडवीत शिरली. तेलाची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. तेल ठीक होतं, पाणीही. वहिनीने कौतुकाने रेघा दाखवल्या.

"मोकळाच चालवतेस ना?" नणंदेने विचारलं.

वहिनीला अर्थ कळेना. मग नणंदेने समजावलं. रिकाम्या हाताने कुणीही जिना चढतो. पाण्याची बादली दिली की दम कळतो. खोलीचे हीटर आणि पंखे जनरेटरवर टाकून बघायला हवेत. त्यासाठी बाहेरची वीज आपणच तोडायची, आणि तीही आत्ताच.

पिल्लं निघाली की बघू, असं वहिनी दोनदा म्हणाली.

"आज बंद पडला तर मी आहे, वीजही आहे," नणंद म्हणाली. "उद्या पडला तर तुझा नवरा असेल. त्याला सायकलची चेन बसवता येत नाही."

"तुमचाच भाऊ आहे, वन्सं," वहिनी म्हणाली, पण तिला हसू आलं. जनरेटर सुरू करून तिनेच विजेचा खटका खाली ओढला.

चार मिनिटं सगळं छान चाललं. मग आवाज वरखाली होऊ लागला, धाप लागावी तसा, आणि जनरेटर थांबला. खोलीतले पंखेही थांबले. नणंदेने लगेच वीज जोडली. पंखे पुन्हा फिरताहेत ना, ते वहिनी आत डोकावून बघून आली.

दोष डिझेलच्या फिल्टरमध्ये निघाला. तो काळ्या गाळाने भरला होता. मोकळ्या इंजिनाला घोटभर डिझेल पुरतं, म्हणून चाळीस सोमवार काही कळलंच नव्हतं. नणंदेच्या पिशवीत नवा फिल्टर होता. तो तिने वहिनीकडूनच बसवून घेतला, नळीतली हवा काढायलाही शिकवलं. मग पुन्हा खटक्याकडे बोट केलं.

"परत?"

"आपण दुरुस्त केलं म्हणून ते दुरुस्त झालं, असं नसतं बाई."

या वेळी दोघी अर्धा तास बसल्या. चहा गार झाला. वहिनी सारखी घड्याळाकडे बघायची. नणंद म्हणाली, आवाज ऐक. आवाज एकसारखा होता. वहिनीने उठून खोलीचं दार जरासं उघडलं. आत एका अंड्यातून बारीक चिवचिव येत होती.

दार लावून तिने खडू घेतला. चाळीस रेघांनंतर थोडी जागा सोडून पुढची ओढली. हाताला डिझेल होतं, त्यामुळे ती जरा पुसट आली.