माळ काढून विचारा

डॉ. योगिनींनी पुंजाजींच्या पसरलेल्या बोटांवर कागद ठेवला. कागद असा थरथरला, की त्याची फडफड शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, विमलबाईंना, ऐकू आली. याच हातांनी चाळीस वर्षं सप्ताहात मृदंग वाजवला होता. महाराज अभंगाचं चरण घोळवून घोळवून सोडायचे आणि पुंजाजींची थाप नेमकी समेवर पडायची. अख्खा मांडव डोलायचा. आता चहाची बशी तोंडाशी जाईपर्यंत अर्धी सांडत होती. या महिन्यात ते तिसऱ्यांदा मोरीत पडले, तेव्हा विमलबाईंनी त्यांना ओढतच मलकापूरला आणलं.

“दारू घेता का बाबा?”

“राम राम! गळ्यात तुळशीची माळ हाय, माय. माळ घालून एक थेंब नाई.”

डॉक्टरांना हसू आलं. “मग वयाचा कंप असेल. त्याचं औषध देते, आणि रात्री झोप लागत नाही म्हणता, तर झोपेची गोळीही. ही गोळी मी पिणाऱ्याला देत नाही, झोपेतच श्वास अडकायचा.” त्या लिहू लागल्या.

विमलबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस खोटं तरी कुठं बोलला होता? रोज माळ काढायची, कपाळाला लावायची, खुंटीवर ठेवायची, मगच पेला उचलायचा. ज्यानं देवाला फसवायची सोय काढली, त्याच्यापुढं ही लेकीच्या वयाची डॉक्टर काय!

“माळ काढून इचारा त्याईले!”

पेन थांबलं.

“काऊन वं, लोकाईसमोर...” पुंजाजी पुटपुटले.

“मंग काय सरणावर सांगू?”

“किती घेता?” डॉक्टरांनी विचारलं.

“संध्याकाळी. थोडीशी.”

“सकाळी चहाच्या आंधी बी,” विमलबाई म्हणाल्या. “हात कापतात म्हून घेतात, अन् घेतात म्हून कापतात.”

डॉक्टरांनी पुंजाजींचे खरचटलेले गुडघे पाहिले. “यांना तर अंगणही ओलांडवत नसेल. आणून कोण देतं?”

पुंजाजींनी बायकोकडे पाहिलं नाही. “गावात काय, कोनीबी देते. चांगली मानसं हायेत.”

नवरा आपल्यावर पांघरूण घालतोय, हेच विमलबाईंना सोसवेना.

“मी,” त्या म्हणाल्या. “मीच आनतो, पदराखाली झाकून. ते आनाले गेले अन् रस्त्यात पडलेले दिसले, तं सप्ताहात कोन बसू देईन त्याईले?”

डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी फाडली आणि आपली खुर्ची विमलबाईंकडे वळवली.