मखमली फडक्याखालचा आकडा

त्या सोमवारी सकाळी टॅक्सी स्टँडवर इतकी गर्दी होती की मला आधी वाटलं, अपघात झाला. झालाच होता म्हणा. फक्त तो लक्षात यायला आम्हाला दीड महिना लागला.

गर्दीच्या मधोमध माझ्या थोरल्या भावाची गाडी उभी होती. भोवती तीस-पस्तीस ड्रायव्हर. स्टिअरिंगवर मात्र दादा नव्हता, तिथे पांढऱ्या सफारीतला, गुळगुळीत दाढी केलेला एक गृहस्थ बसला होता. तो स्वतःला नादगुरू म्हणवून घ्यायचा. कंपनीने गाडीत दिलेले स्पीकर पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात, हे प्रत्येक ड्रायव्हरचं रडगाणं. चांगली सिस्टीम बसवावी तर खिसा ओरडतो. या गृहस्थाने त्यावर स्वस्तातला उतारा काढला होता. रुपयाएवढी तांब्याची चकती, डॅशबोर्डवर चिकटवायची. ना वायर, ना स्पीकर, ना तोडफोड.

"कंपनीचा स्पीकर वाईट नसतो हो," तो सांगत होता. "त्याचा नाद अडलेला असतो. गाडी म्हणजे काय? पत्रा. पत्रा नाद पितो. आणि ही चकती प्यायलेला नाद त्याला ओकायला लावते!"

ओकायला! आणि हे ऐकून पस्तीस कर्ते पुरुष माना डोलावत होते.

त्याचा विधी ठरलेला होता. गाडीच्या मालकाने मागच्या सीटवर बसायचं. मग तो डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर निळं मखमली फडकं टाकायचा. का? तर म्हणे, "डोळे जागे असले की कान झोपतात." मग आधी चकतीशिवाय गाणं लावायचा. ते मिनिटभर वाजलं की बंद. चकती चिकटवायची, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तीनदा "नाद मोकळा हो" म्हणायचं, आणि तेच गाणं पुन्हा. आणि खरंच, गाणं भरून यायचं. तबल्याला वजन यायचं, गाणारी जवळ येऊन बसल्यासारखी वाटायची.

"ज्याचे कान तयार आहेत, त्यालाच फरक कळेल," तो शेवटी म्हणायचा.

इथे तो खरा मुरलेला होता. ड्रायव्हर म्हणजे इंजिनाच्या आवाजावरून कुठला पट्टा सैल झालाय हे सांगणारी जमात. त्यांच्यातला कोण कबूल करणार की बाबा, मला काही फरक कळला नाही? सगळ्यात आधी "वा!" म्हणाला आमच्या स्टँडवरचा म्हातारा ड्रायव्हर, ज्याला सगळे हेडमास्तर म्हणतात. मग वाहवा करण्याची शर्यतच लागली.

आता माझीही गोष्ट सांगून टाकतो. मी स्टँडमागच्या गल्लीत गाड्यांच्या दारांचं आणि सीटचं काम करतो. दाराच्या आत काय असतं ते रोज या हातांनी उघडून बघतो. आणि मीही मान डोलावली. त्या मानेची मला अजून लाज वाटते.

दादाच्या गाडीत मागे आई बसली होती. वर्षभर तिचा उजवा कान वाहत होता, ऐकू कमी येत होतं. दादा तिला दवाखान्यात घेऊन निघाला होता, ऑपरेशनची तारीख घ्यायला. माझी वहिनी त्याच दवाखान्यात लोकांचे कान तपासायचं काम करते. ती तिथे आईचे कागद घेऊन थांबली होती. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, आतला रोग हाड खातोय, महिन्याभरात उरकून टाका.

चकती लागली, गाणं दुसऱ्यांदा सुरू झालं, आणि आईने मांडीवर थाप मारली. "आलं की रे ऐकू!"

झालं! एकच गलका. हेडमास्तरच्या डोळ्यांत पाणी. नादगुरू क्षणभर स्वतःच चपापला, हे मी पाहिलं. पण असली माणसं पडत्या फळाची आज्ञा झेलायला कायम उभीच असतात. तो ताडकन गाडीबाहेर आला.

"नाद पडद्यापर्यंत पोचला! आता कानात थेंब-बिंब काही घालायचं नाही, वाट मोकळी हवी. रोज अर्धा तास गाडीत बसवा. एकवीस दिवसांत नाद मुरतो."

लोणचं आहे का मुरायला? पण कोणी विचारलं नाही. दादाने चकती घेतली आणि गाडी घराकडे वळवली. दवाखान्यात वहिनी दुपारपर्यंत वाट बघत बसली.

संध्याकाळी घरात जे वाजलं ते चकतीशिवायच वाजलं.

"अहो, हाड सडतंय त्यांचं! चकतीने हाड जुळतं का?" वहिनी म्हणाली.

"तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, ऐकू आलं म्हणून! पस्तीस माणसं साक्षीला होती!" दादा ओरडला. "तुला आईचं बरं होतंय ते बघवत नाही, असं म्हण ना सरळ!"

वहिनी आत गेली. मी मध्ये बोलायला हवं होतं. पण सकाळी डोलावलेली मान आता कुठल्या तोंडाने हलवणार?

दादा रोज आईला अर्धा तास गाडीत बसवायचा. आवाज नादगुरूने ठेवला होता तसाच ठेवायचा, "लावलेला सूर हलवायचा नाही" अशी आज्ञा होती. एकवीस दिवस झाले, बेचाळीस झाले. गाडीतून उतरली की आई पुन्हा "काय?" "काय म्हणालास?" करायची. कानाला वास येऊ लागला. डोकं धरून बसायची. दादाने फोन केला, तर नादगुरू म्हणाला, "मळ बाहेर पडतोय, शुभ लक्षण आहे."

शुभ लक्षण! माझ्या हातात तेव्हा पाना होता. माणूस फोनवर होता म्हणून वाचला.

पुढच्या सोमवारी तो आणखी चकत्या घेऊन स्टँडवर आला. त्याचा मखमली नाटकाचा खेळ दादाच्या गाडीत मांडून झाला, तेवढ्यात वहिनी दवाखान्यातून तडक तिथे आली, अंगात पांढरा कोट तसाच. मला वाटलं, आता ही त्याची गचांडी धरणार. तिने धरलं हेडमास्तरला.

"काका, चकती लागली की तुम्हाला लगेच कळतं ना?"

"अगं पोरी, चाळीस वर्षं गाडी चालवतोय. हे कान आहेत, भजी नव्हेत."

"मग डोळे मिटून सांगाल? चकती आहे की नाही ते?"

नादगुरू मध्ये पडला. "ताई, परीक्षा घेतली की नाद रुसतो."

"रुसेल कशाला?" हेडमास्तर तापला. "आमच्या कानांवर भरवसा नाही का तुमचा?"

झाली पंचाईत! ज्या घमेंडीवर त्याने पथारी मांडली होती, तीच घमेंड आता त्याच्या पथारीवर पाय देऊन उभी राहिली. बाकीचे ड्रायव्हरही ओरडले, "होऊन जाऊ द्या!"

वहिनीने माझ्याकडून चकतीएवढा एक लोखंडी वायसर मागून घेतला. दोन सारखी पाकिटं, एकात दादाच्या डॅशबोर्डवरून काढलेली चकती, एकात वायसर, वर फक्त एक आणि दोन असे आकडे. दादाच्या गाडीत तिने फडकं बाजूला फेकलं, आवाज बारावर ठेवला आणि म्हणाली, "आता याला कोणी हात लावायचा नाही." नादगुरूला गाडीबाहेर उभं केलं. हेडमास्तर आणि तीन पट्टीचे कान गाडीत बसले, डोळे मिटून. मी दर वेळी एक पाकीट चिकटवायचो आणि त्याचा आकडा लिहून ठेवायचो, कुठल्यात काय ते मलाही ठाऊक नव्हतं. आत काय होतं ते नंतर उघडून बघायचं ठरलं होतं.

आठ वेळा गाणं वाजलं. पाकिटं उघडली तेव्हा कळलं की चौघांनी सगळ्यात जास्त वाहवा केली होती ती माझ्या वायसरची. एकदा तर मी काहीच चिकटवलं नव्हतं, तरी हेडमास्तर म्हणाला होता, "हीच! हीच ती चकती!"

कोणी हसलं नाही. हेडमास्तर रुमालाने मान पुसत बसला.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," वहिनी म्हणाली. "माझ्याकडे रोज वीस माणसं हेडफोन लावून बसतात. आवाज आला की बटण दाबा म्हणते. मी आवाज सोडलेलाच नसतो, तरी कितीतरी जण दाबतात. लबाड नसतात हो. वाट बघत असतात, म्हणून ऐकू येतं."

"पण आईला आलं होतं ना ऐकू?" दादा म्हणाला. "तिने कुठे वाट बघितली होती? तिला तर चकती म्हणजे काय हेही माहीत नव्हतं."

"बसा मागे. दाखवते."

वहिनी ड्रायव्हरच्या सीटवर बसली. फडकं पुन्हा स्क्रीनवर टाकलं. गाणं लावलं, थांबवलं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गंभीरपणे म्हणाली, "नाद मोकळा हो, नाद मोकळा हो, नाद मोकळा हो." पुन्हा गाणं. तबल्याला वजन आलं, गाणारी जवळ आली. चकती तेव्हा माझ्या खिशात होती.

"आता माझा अंगठा बघा," वहिनी म्हणाली.

अंगठा स्टिअरिंगवरच्या आवाजाच्या बटणावर होता. तिने फडकं ओढलं. मघाशी बारा असलेला आकडा एकोणीस झाला होता.

एवढंच! बारा आणि एकोणीस. तेच गाणं थोडं मोठ्याने लावलं की ते भरदार, स्वच्छ, गोड वाटतं. माणसाचा कान तसाच आहे, तुमचाही आणि माझाही. एका अंगठ्याची करामत, आणि त्यासाठी नाद ओकणारा पत्रा, झोपणारे कान, मुरणारं लोणचं, केवढा पसारा! आणि स्टिअरिंगवरची बटणं रोज दाबणाऱ्या पस्तीस ड्रायव्हरांपैकी एकालाही तो अंगठा दिसला नाही.

आम्ही वळून बघितलं तेव्हा नादगुरू पुढच्या चौकात रिकामी गाडी शोधत पळत होता. त्याला न्यायला एकही ड्रायव्हर पुढे झाला नाही, पण त्याला धरायलाही कोणी गेलं नाही. धरणार कसे? धरलं तर लोक विचारणार, तुम्ही कसे फसलात?

दादा घरी गेला तो थेट आईसमोर जाऊन बसला. तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "आई, तू म्हणालीस ना त्या दिवशी, ऐकू आलं म्हणून?"

"मग? मोठ्याने लावलं की येतंच ऐकू," आई म्हणाली. "तुम्हीच मेले हळू बोलता. बरं वाटलं असं कुठे म्हटलं मी? मला कोणी विचारलंच नाही."

दादा तिथेच रडायला लागला. त्याच दुपारी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी रोग काढला, पण त्या कानाचं ऐकणं गेलं ते गेलंच. "वेळेवर आला असतात तर कान बराचसा वाचला असता," ते म्हणाले. रागाने नाही, कागदावर लिहिता लिहिता म्हणाले. वहिनीने दादाला त्यानंतर एकदाही ऐकवलं नाही. मला वाटतं, ऐकवलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

ज्यांना गाडीचा आवाज खरंच सुधारायचा आहे, त्यांना फुकट सांगतो. मी दादाच्या गाडीच्या पुढच्या दारांची पॅनेलं काढली. पॅनेल धरून ठेवणाऱ्या दोन क्लिपा सैल होऊन खडखडत होत्या आणि स्पीकरचा कागदी पडदा फाटला होता. क्लिपा बदलल्या, दाराच्या पत्र्याला आतून जाड चिकटपट्टी लावली, भोकं बुजवली, पुढे दोन बेताचे स्पीकर बसवले. मागच्यांना हातही लावला नाही. चकतीला पैसे गेले त्यापेक्षा थोडेच जास्त लागले. आता फरक आहे, आणि तो डोळे उघडे ठेवून, आकडा बारावर ठेवूनही कळतो. खोटं वाटत असेल तर या आणि पाकिटं घालून परीक्षा घ्या. माझा स्पीकर रुसणार नाही.

आणि कोणी काही झाकून दाखवत असेल, तर आधी झाकलेलं उघडा म्हणा. "परीक्षा घेऊ नका" असं म्हणणाऱ्याची परीक्षा सगळ्यात आधी घ्या. ज्याच्यावर उपचार चाललेत, त्याला स्वतःला विचारा, बरं वाटतंय का. फार अक्कल लागत नाही याला, मान डोलावण्याआधी क्षणभर थांबावं लागतं.

आई अजून दादाच्या शेजारच्या सीटवर बसते. तिथे बसलं की तिचा गेलेला कान नेमका त्याच्याकडे येतो. तिला काही सांगायचं असलं की दादा गाणं बंद करतो, गाडी बाजूला घेतो, उतरून तिच्या खिडकीशी जातो, आणि मग सांगतो.