कागदी कॉम्प्युटर

"सांगितलं तर तुझा विश्वास बसायचा नाही, पण आज मी हँग झालो," दारातच बूट काढता काढता चितारी म्हणाला.

बायकोने इस्त्रीवरून मान वर केली नाही. चिताऱ्याच्या थापा ऐकत तिचे केस पिकले होते. पण आज तिचे कान टवकारलेले होते. ऑफिसात आज त्याने पेन्सिलीने कागदावर काढलेल्या ॲपच्या स्क्रीन आणि नव्या मुलीच्या कॉम्प्युटरवरच्या स्क्रीन समोरासमोर ठेवणार होते. कागद हरला, तर चिताऱ्याला तिथे कामच उरत नव्हतं.

"हँग म्हणजे?"

"अगं, दवाखान्यात नंबर लावायचं ॲप. ते वापरून बघायला एक आजी बोलावल्या होत्या. त्यांनी कागदावरचं बटण बोटाने दाबायचं, मी तो कागद उचलून पुढचा मांडायचा. कॉम्प्युटर म्हणजे मीच. आणि कॉम्प्युटरने तोंड उघडायचं नाही, हा नियम."

"तुम्ही गप्प बसलात? इथेच गाडी घसरली."

"ऐक तर खरं. हात असा चालला माझा, की आजी विचारतात, याचा चार्जर कुठाय? तेवढ्यात मला शिंक आली. सगळ्या स्क्रीन जमिनीवर. आजी म्हणाल्या, हँग झालं वाटतं, बंद करून चालू करा. मी मुकाट्याने उठलो, बाहेर गेलो, दार ओढून घेतलं आणि परत आत येऊन बसलो."

बायकोला हसू फुटलं. इस्त्री उभी करून तिने त्याला पाणी आणून दिलं.

"आणि त्या पोरीचं काय झालं?"

चिताऱ्याने पेला तोंडाला लावला. आजी कोणी आल्याच नव्हत्या. पोरीने त्याच्या कागदांचे फोटो काढले, आणि त्याचा चहा निवायच्या आत सगळ्या स्क्रीन तिच्या कॉम्प्युटरवर उभ्या राहिल्या, रंगासकट, दाबलं की उघडणाऱ्या. त्याच्या टेबलापाशी कोणी फिरकलंसुद्धा नाही. वर पोरगी गुणी. "काका, मांडणी तुमचीच ठेवलीय," म्हणाली. रागवायचीही सोय ठेवली नाही तिने.

"तिचा कॉम्प्युटर अपडेट व्हायला बसला, तो अजून होतोय," पेला खाली ठेवत तो म्हणाला. "साहेबांनी माझी पाठ थोपटली. उद्यापासून सगळ्या ऑफिसने पेन्सिली घ्यायच्या. शिकवणार कोण, तर मी."

"बरं झालं बाई," म्हणत ती पेला उचलायला वाकली आणि तशीच थांबली. बुटांच्या मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यातून वायर लोंबत होती. त्याने पाय आडवा केला, पण उशीर झाला होता. त्याची नजर अधू व्हायला लागली तेव्हा ऑफिसच्या टेबलासाठी तो दिवा तिनेच घेऊन दिला होता.

"खोटं बोलताय तुम्ही," ती हळू आवाजात म्हणाली. "उद्या शिकवायचंय, तर दिवा घरी कशाला आणलात?"